पायऱ्यांपाशी भरलेली बाटली

मिलिंद,

परवा तुझ्या जलदान विधीत मी खोटं बोललो. मोठं नाही, शोकसभेत बोलतात तसलं. तुझ्या मेहुण्यानं माईकवरून पुकारलं, "सरांचे लातूरपासूनचे सहकारी नांदेडहून आलेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत." मी उठलो आणि म्हणालो की मिलिंद अत्यंत मनमिळाऊ होता, त्याचं कधी कुणाशी वाकडं नव्हतं. समोर सतरंजीवर तुझ्या हाताखाली शिकलेली माणसं बसली होती. त्यांनी एकमेकांकडं बघितलं. तू आणि मनमिळाऊ! चहात साखर जास्त पडली म्हणून टपरीवाल्याशी भांडणारा तू. एसटीत खिडकीची काच लावणाऱ्याशी भांडणारा. माझ्याशी तर रोजच.

त्याआधी भंतेजी गाथा म्हणत होते आणि वहिनी पाणी सोडत होत्या, ताटलीतली वाटी भरून वाहेपर्यंत. सगळ्यांनी डोळे मिटले होते. मी त्या पाण्याकडं बघत होतो आणि मनात काय आलं सांगू? हे कुठून भरलं असेल. पन्नाशी उलटली तरी खोड जात नाही. तू शेजारी असतास तर कोपरानं ढोसून विचारलं असतंस, "पंत, टाकीचं हाय का बोअरचं?"

घरी आल्यापासून एका जागी बसवत नाही. लिहायला बसतो, उठतो, गॅलरीत जातो, परत येतो. बायको म्हणाली, "काय शोधून राहिलात?" काही शोधत नाही. एक गोष्ट तुला सांगायची राहिली. इतकी वर्षं तू होतास तेव्हा तोंडाशी आली नाही, आता तू नाहीस तर आपसूक बाहेर पडते आहे. माझ्या स्वभावाला धरूनच झालं म्हणायचं.

तर सरळ सांगतो. त्या उन्हाळ्यात तलावाचा दुसरा नमुना मी घेतला, तेव्हा पाण्याला टीसीएल पावडरीचा, विहिरीत जंतू मारायला टाकतात त्या ब्लीचिंगचा, वास येत होता. तू मला विचारलं होतंस. मी नाही म्हणालो होतो.

हे कुठं छापून आलं तर वाचणाऱ्याला काही कळावं म्हणून थोडं मागून सांगतो. तू मध्ये तोंड घालू नकोस.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. पाट्यांचा रंग ओला आणि कचेऱ्या भाड्याच्या घरांत. पाणी तपासायची आपली प्रयोगशाळा एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत होती, आणि घरमालकाचं जिथं देवघर होतं त्या कोनाड्यात आपलं इनक्युबेटर बसवलं होतं. तू रेणापूरकडचा, मी नांदेडचा, दोघंही बी.एस्सी. करून एकाच महिन्यात रुजू झालेलो. मी तिथं ताईकडं राहायचो. पहिल्याच दिवशी मी आमच्या गोदावरीचं कौतुक सुरू केलं, तर तू म्हणालास, "तुमच्या गोदामाईचा एक नमुना आण आधी, मंग बोलू." तो नमुना मी कधीच आणला नाही. त्यावरून तू मला शेवटपर्यंत टोचलंस.

आणि दुष्काळ. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. घराघरांत टँकरच्या वेळेवर दिवस चालायचा. गावाबाहेर एक तलाव होता. नवा जिल्हा झाला म्हणून त्याच्या काठाला बाग केली होती, पायऱ्या बांधल्या होत्या, रंगवलेल्या होड्या सोडल्या होत्या. पाणी आटत आटत खाली गेलं, काही होड्या चिखलात कलंडल्या, तरी संध्याकाळी तिथं जत्रा. भेळ, फुगे, बर्फाचा गोळा. घरी हंडाभर पाणी नसलेली माणसं बायकापोरांना घेऊन पाणी बघायला यायची. तू म्हणायचास, "बघू दे की. बघायला तरी रेशन न्हाई."

त्याच तलावात दाजी मुलांचं पोहण्याचं शिबिर घ्यायचे. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, शाळेत खेळाचे मास्तर. माणूस वाईट नव्हता, हे मी त्यांची बाजू घेऊन सांगत नाही. सकाळी सायकलवर शिट्टी अडकवून जायचे, मुलांच्या पोटाखाली हात धरून त्यांना तरंगायला शिकवायचे. "मराठवाड्याच्या पोराला पाणी दिसलं की भ्या वाटतं, ते घालवायचं," म्हणायचे. नव्या कॉलनीचा नाला तलावाच्या उथळ कोपऱ्यात उतरत होता आणि पाणी आटल्यावर मुलं नेमकी त्याच कोपऱ्यात उभी राहायची, कारण तिथं पाय टेकायचे.

पहिला नमुना तू त्या कोपऱ्यातून घेतलास. पाणी तपासणारा माणूस, आणि पाण्याला भ्यायचास! बाटली उपडी धरून हात कोपरापर्यंत आत घालायचा, खाली गेल्यावर तोंड फिरवायचं, आणि हे सगळं होईपर्यंत मी मागून तुझा पट्टा धरून उभा. "सोडू नको रे पंत, मला पोहता येत न्हाई." गुडघाभर पाणी होतं तिथं!

मी म्हणालो होतो, नमुना पायऱ्यांपाशी घ्यायचा, दर वेळी एकाच जागी घेतला तर मागच्याशी ताडून बघता येतं. तू म्हणालास, "माणूस जिथं तोंड उघडतो तिथं बाटली उघडायची." हा आपला वाद कधी मिटलाच नाही. आणि तुला राग येईल, पण त्यात मी पुरता चूक होतो असं मला अजूनही वाटत नाही. दोन्ही जागी घ्यायला हवा होता. तेवढं मात्र आपल्या दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. भांडायची घाई होती.

तुझ्या नमुन्याच्या सगळ्या नळ्या पिवळ्या पडल्या. जांभळं द्रावण पिवळं झालं आणि आत उपडी घातलेल्या बारक्या नळीत बुडबुडा धरला, की समजायचं, पाण्यात मैला आहे. तुझ्या नळ्यांत बुडबुडे असे की एरवी दाखवायला ठेवाव्यात. साहेब म्हणाले, दुष्काळ आहे, काठावर जनावरं येतात, त्यांचं असेल. तू तोंडावर बोललास, "साहेब, पोराच्या पोटात गेल्यावर ते इचारणार हाय का, मी बैलाचं का माणसाचं?" मी हसलो. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, पुन्हा नमुना घ्या, आणि या वेळी यांना पाठवा. यांना म्हणजे मला.

इथं माझी गोष्ट सुरू होते.

त्या संध्याकाळी ताईनं पिठलं केलं होतं. शिबिर बंद होणार अशी कुणकुण दाजींना लागली होती. मी जेवता जेवता म्हणालो, "उद्या सकाळी मीच येतोय तलावावर." बस, एवढंच. मिलिंद, मला खरंच वाटलं नव्हतं की मी काही फोडतो आहे. आपल्याकडं कुणाच्या दारात जायचं तर आधी निरोप धाडतात. न सांगता जाणं म्हणजे त्या घरच्या बाईला अवघडून टाकणं, हे मला आईनं शिकवलेलं. पाण्याच्या नमुन्याला हा शिष्टाचार लागू नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं असं मात्र म्हणणार नाही. ते मला साहेबांनीच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. ताटावर बसलो आणि विसरलो. किंवा विसरलो नाही. याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

सकाळी गेलो तर पायऱ्या झाडलेल्या. पाण्याच्या कडेला पांढरट साय आणि नाकात शिरणारा वास, आडात टीसीएल टाकल्यावर येतो तो, डोळ्यांत पाणी आणणारा. कुठल्या तलावाला असा वास असतो का? दाजी पायरीवर उभे होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "अरे, पाव्हणा येणार म्हटल्यावर अंगण झाडायचं नाही का? आणि घाण तर नाही ना टाकली. साफच केलं की!" ते खरोखर तसंच समजत होते. मी समजत नव्हतो. मला माहीत होतं की ही पावडर पायऱ्यांपुरती आहे, कोपऱ्यातला नाला वाहतोच आहे, उद्या वास उडून जाईल आणि मुलं परत त्याच पाण्यात तोंड उघडतील. सगळं माहीत असून मी पायरीवर बसलो आणि बाटली बुडवली. पट्टा धरायला मागं कुणी नव्हतं.

माझ्या नळ्या जांभळ्याच राहिल्या. तू कोनाड्यासमोर उकिडवा बसून त्यांच्याकडं बघत राहिलास.

"एक बी पिवळी न्हाई?"

"नाही."

"पंत, नळाचं पाणी बी असं येत न्हाई. कुठनं घेतलंस?"

"नेहमीच्या जागी. पायऱ्यांपाशी."

"वास-बिस आला का कसला?"

आणि मी म्हणालो, "नाही रे."

तू माझ्याकडं बघितलंस. फार वेळ नाही. मग उठलास आणि नळ्या धुवायला घेतल्यास. माझ्या पाळीच्या होत्या त्या.

साहेबांच्या खोलीत जे झालं ते तुला सांगायची गरज नाही, पण लिहायची आहे. साहेब म्हणाले, एकाच तलावाचा एक नमुना इतका घाण आणि एक इतका स्वच्छ, मग पहिल्यात काहीतरी गडबड असणार. मग आवाज मऊ करून त्यांनी तुला विचारलं, "बाटली उघडताना हात धुतले होते का?"

खोलीत आणखी दोघं होते. प्रश्न कुणाला विचारलाय आणि का विचारलाय, सगळ्यांना कळलं. तेव्हाचे दिवस तसलेच होते, मराठवाड्यात कुणाला सांगायला नकोत. तू म्हणालास, "साहेब, आमच्या आज्याला आडावर चढू देत नव्हते. त्याचा हात लागला की पाणी खराब. मी शिकलो, सांगायला आलो की पाणी खराब हाय, तर पुन्ना माझाच हात?"

मी टेबलावरच्या, कागद दाबायच्या काचेच्या गोळ्यात अडकलेला बुडबुडा बघत होतो. मान वर केली असती आणि 'वास येत होता' एवढे तीन शब्द बोललो असतो, तर ती खोली वेगळी झाली असती. मी बोललो नाही. बाहेर आल्यावर तू मला शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. तू म्हणालास, "चल, चहा पिऊ." चहा नेहमीप्रमाणे तुला गोड लागला आणि तू टपरीवाल्याशी भांडलास.

शिबिर चालू राहिलं. मुलं आजारी पडली. उलट्या, जुलाब, ताप. सरकारी दवाखान्यात एकेका खाटेवर दोन-दोन. जीव कुणाचा गेला नाही, पण ते काही माझ्यामुळं नाही. गावानं ठरवलं, गोळेवाल्याचा बर्फ घाण. लोकांनी त्याची गाडी लोटून चिखलात पाडली, लाल-हिरव्या बाटल्या फुटल्या. दुसऱ्या दिवशी तो भाड्याच्या गाडीवर भीत भीत परत उभा राहिला, तर तू ऑफिसातून तडक तिथं गेलास आणि सगळ्यांसमोर एक गोळा खाल्लास. मग दुसरा. तिसऱ्याला तुझे दात शिवशिवायला लागले, तरी ओरडत होतास, "बघा, मेलो का? आता तुमच्यातला एकजण चला माझ्यासोबत, त्या कोपऱ्यातलं वंजळभर प्या!" कुणी गेलं नाही. मीही गर्दीत होतो. तुला दिसलो होतो का?

पुढं दाजींना वाईट वाटलं असावं. त्यांनी आपणहून शिबिर बंद केलं, शिट्टी खुंटीला लावली आणि आमच्यात तो विषय कधी निघाला नाही. तुझी बदली देगलूरकडं झाली. तिथून तुझं कार्ड आलं: 'इथं पाण्याला नीळ्ळू म्हणतात. जंतू मात्र मराठीच हायेत.' मी ते वाचून मोठ्यानं हसलो आणि मग ऑफिसच्या मागं जाऊन बराच वेळ उभा राहिलो.

एक गोष्ट मला परवापर्यंत माहीत नव्हती. विधीच्या मंडपात तुझ्या हाताखाली शिकलेली एक बाई भेटली, आता स्वतः एका प्रयोगशाळेची प्रमुख आहे. कौतुकानं सांगत होती, "सरांची शिस्त फार. नमुन्याची बाटली उघडण्याआधी दोन्ही हात वर करून खोलीतल्या सगळ्यांना दाखवायचे, पुढून-मागून. 'बघून घ्या' म्हणायचे. मगच उघडायचे. आम्ही पण तसंच करतो, आमची मुलं पण करतात. नियमच आहे ना सर तो?"

असा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, मिलिंद. मी तिला हो म्हणालो.

नांदेडच्या त्या दिवसाचंही सांगतो. माझीही बदली इकडं झाली होती, मुलीला कावीळ झाली, बिल्डिंगमधल्या आणखी काही मुलांना झाली. तुला फोन केला तर तू देगलूरच्या पहिल्या गाडीनं आलास, पेशंटकडं नुसतं बघितलंस आणि म्हणालास, "गच्चीची किल्ली दे." टाकीच्या तोंडातून कमरेपर्यंत आत वाकलास. मी पट्टा धरला. केस पांढरे झाले होते दोघांचे. आतून तुझा आवाज घुमत आला, "धर नीट पंत, सोडशील." मी म्हणालो, "नाही सोडत." मग खालच्या टाकीत ड्रेनेजची गळती सापडली, तू अख्ख्या सोसायटीशी भांडलास, चेअरमनना 'तुम्हीच प्या आधी' म्हणालास, आणि ती टाकी रिकामी करून घासून घेतल्याशिवाय जेवायला बसला नाहीस. मुलगी बरी झाली. तिला तू अजून 'भांडकुदळ काका' म्हणूनच आठवतोस.

त्या गच्चीवर, तू आत वाकलेला असताना, मला सांगता आलं असतं. तुझं तोंडही दिसत नव्हतं. मी पट्टा आणखी घट्ट धरला. बाकी काही केलं नाही.

तुला सगळं कळलं होतं का, हे मला ठाऊक नाही. तू कधी सुचवलं नाहीस. कळलं असेल तर इतकी वर्षं तू माझ्याशी ज्या जोरानं भांडलास ते कशावरून होतं, आणि कळलं नसेल तर तू माझ्यावर किती भरवसा टाकलास, या दोन्हीचा विचार करत मी गॅलरीत येरझाऱ्या घालतो. दोन्हीकडून सुटका नाही.

परवा मंडप उठल्यावर मी स्टँडवर गेलो, नांदेडच्या गाडीत बसलो, गाडी सुरू झाली आणि उतरलो. कंडक्टर म्हणाला, "काय राह्यलं का काका?" चालत तुझ्या घरी परत आलो. वहिनी बाहेरच्या खोलीत एकट्याच स्टीलचे पेले पुसत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी खुर्ची सरकवली.

मी सगळं सांगितलं. इथं लिहिलं तेवढंही नीट नाही, मागंपुढं, अडखळत. पिठलं, पावडर, वास, ती खोली. त्या पेले पुसत होत्या, मग थांबल्या.

"घरी पण ते जेवायच्या आधी पोरीला हात दाखवायचे," त्या म्हणाल्या. "पोरगी टाळ्या वाजवायची. मला वाटायचं, लॅबवाल्यांचं असंच राहतं."

त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. शाळेत फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलाला विचारावं तसं, उत्तर खरंच हवं असल्यासारखं, त्यांनी विचारलं, "भाऊ, तेव्हा तुम्ही खरं बोलला असता तर तुमचं काय गेलं असतं?"

मी शोधू लागलो. नोकरी जाणार नव्हती. साहेब चिडले असते, तर बदली नांदेडला, म्हणजे माझ्याच घरी. दाजी चार दिवस फणफणले असते.

"ताईनं अबोला धरला असता," मी म्हणालो. "भाऊबीजेपर्यंत."

"आणि मग?"

"मग बोलावलं असतं तिनं. ओवाळायला."

वहिनींनी हातातला पेला खाली ठेवला.

"एवढंच?"

"हाव वहिनी. एवढंच."